विंचूरचा शब्द आणि फिनलंडचा गोलकीपर

"सोडून द्यायचा म्हंजे? तो काय सडका कांदा हाय का, खळ्यातून उचलला अन् उकिरड्यावर टाकला?"

सासरे एवढ्या जोरात ओरडले, की आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीतली कबुतरं उडाली ती थेट घोटीला जाऊन बसली असावीत. नंतर आठवडाभर एकही परत आलं नाही. व्हिडिओ कॉलवर कॅलगरीतला माझा साडू जेवत होता, त्याच्या हातातला घास ताटात पडला. आमच्याकडे सकाळ होती आणि मी नुसता चहा घेत होतो, म्हणून वाचलो.

वाद एका गोलकीपरचा होता. माणूस फिनलंडचा, खेळ बर्फावरचा. आमच्या खानदानात बर्फ पाहिला तो फक्त उसाच्या रसात. तरीही त्या दिवशी त्या माणसावरून सासरा-जावई एकमेकांशी बोलायचे बंद होण्याच्या बेतात आले होते.

सगळी करणी साडूची. तिकडे थंडीत करायला काही नसतं, म्हणून त्याने ऑफिसातल्या लोकांना जमवून कागदावरची लीग काढली. तिकडच्या खऱ्या आइस हॉकीतले खेळाडू आपण आपल्या संघात घ्यायचे, ते खऱ्या सामन्यात जसे खेळतील तसे आपल्याला गुण. पण मेख अशी, की प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला वरची मर्यादा. सगळे हिरे एकाच्या पेटीत जाऊ नयेत म्हणून. कुणाला किती वर्षांचा करार द्यायचा, कुणाला मोकळं करायचं, यातच खरी मारामारी. बर्फावरची त्यापुढे काहीच नाही.

एक संघ साडूने मला दिला, उपकार केल्यासारखा. मी दोन हंगाम शेवटचा आलो. सुट्टीत सगळे सासरी जेवायला बसलो, की तो श्रीखंड वाढून घेताना माझी चौकशी करायचा, "काय, यंदा तरी बर्फावर उभं राहता आलं का?" आणि अख्खी पंगत हसायची. माझी बायको सगळ्यात मोठ्याने.

मग सासरे, म्हणजे आमचे मामा, आमच्याकडे राहायला आले. उभी हयात त्यांनी विंचूरला कांद्याचा व्यापार केला. मुलाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, एके दिवशी न विचारताच "आता तुम्ही आराम करा" म्हणून त्यांना नाशिकला आमच्या दारात आणून सोडलं. 'आराम' हा शब्द मामा अजूनही एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसा घेतात. बाजाराच्या सवयीने पहाटे उठायचे, आणि आपल्याकडे पहाट झाली की तिकडे सामना सुरू. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, चेंडूऐवजी फिरणारी ती काळी टिकली कुठं गेली. चौथ्या दिवशी ते पंचाला शिव्या देत होते.

पगाराच्या मर्यादेवर मी दोन वर्षं डोकं फोडलं होतं. मामांना ती अर्ध्या कपात कळली. "म्हंजे ट्रक एवढाच. आत माल कोणता भरायचा ते आपल्या अकलेवर."

नंतर त्यांना दुसरा नियम सापडला. मोठी दुखापत झालेला खेळाडू वेगळ्या यादीत टाकला, की तो बरा होईपर्यंत त्याचा पगार मर्यादेत धरत नाहीत. मामांचे डोळे असे चमकले, की बायकोने ट्यूबलाइट बंद केली. हे तर उन्हाळ कांदा भाव चढेपर्यंत चाळीत भरून ठेवण्यासारखंच झालं! झालं, त्यांनी लीगमधले सगळे मोडके लोक स्वस्तात गोळा केले. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा, एकाचा तर जबडा. आमचा संघ म्हणजे हाडवैद्याची ओसरी. साडू तिकडे पोट धरून हसत होता. हंगामाच्या शेवटी ओसरी उठून खेळायला लागली आणि आम्ही दुसरे आलो, साडूच्या खालोखाल. साडूचं हसू तेव्हा कुठे गेलं ते कॅनडा सरकारलाही सापडलेलं नाही.

या चढाईत तो फिनलंडचा गोलकीपर एकटा धडधाकट होता. पस्तिशी ओलांडलेला, सगळे सामने उभा राहिलेला, गोल खाल्ला तरी कुणावर न चिडणारा. त्याचा करार संपला तेव्हा मी मामांना बजावलं, एक वर्ष द्या, जास्त नको. आणि दूध उतू जात होतं म्हणून स्वयंपाकघरात गेलो. तेवढ्यात साडूचा कॉल आला. मी दूध घेऊन येईपर्यंत मामांनी पाच वर्षं देऊन टाकली होती, वर "मधी कुणाला विकणार नाय" ही अटही घातली होती.

आता साडूने काही हे लगेच नोंदवलं नव्हतं. तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत बदला हवं तर. पण विंचूरच्या लिलावात मामांच्या तोंडून भाव गेला, की ट्रॉली त्यांची. खळ्यावर ओतल्यावर तळातून ओला माल निघाला म्हणून त्यांनी कधी शेतकऱ्याचा भाव तोडला नाही. शब्द गेला होता. शेवटी मीच माझ्या हाताने वेबसाइटवर 'पाच' टाइप केलं. बोट अजून दुखतं.

पस्तिशीच्या पुढच्या माणसाशी करार केला, की तो खेळो, न खेळो, घरी बसून नातवंडं सांभाळो, त्याचा पगार मर्यादेतून वजा होतच राहतो. हा नियम मला त्या रात्री बायकोने वाचून दाखवला. चवीने.

आणि मग आमच्या संघातला स्वीडनचा पोरगा करार संपून मोकळा व्हायची वेळ आली. पोरगा म्हणजे वीज. तो राहिला तर पुढच्या हंगामात साडूच्या छातीवर आमचा पाय. पण ट्रक भरलेला. गोलकीपर उतरवल्याशिवाय पोराला जागा नाही, आणि पोरगा सुटला की साडू त्याला उचलणार हे ठरलेलं. त्या सकाळी साडूने फोन केला तो हाच तोडगा घेऊन. तुमच्या म्हाताऱ्याला मी घेतो, सोडून द्या त्याला, बदल्यात पुढच्या वर्षी नव्या खेळाडूंतली पहिली निवड माझी. त्याच्या दोन्ही हातांत लाडू.

त्यावर मामांनी ती कबुतरं उडवली.

मी हातापाया पडलो. साडूने नियम सांगितला, की विकणार नाही असा शब्द दिलेला खेळाडू स्वतः तयार असेल तर हलवता येतो. आपल्या लीगमध्ये त्याच्या वतीने घरच्या मोठ्या माणसाने हो म्हटलं की झालं.

"मी कसं म्हणू? त्याला विचारा," मामा म्हणाले.

आम्हाला वाटलं, गंमत करताहेत. ते उठून चप्पल घालून खाली गेले आणि दुपारपर्यंत आले नाहीत. तेव्हा बायकोने त्या जगप्रसिद्ध माणसाला मोबाइलवर इंग्रजीत संदेश पाठवला. आम्ही नाशिकचे. तुम्ही पाच वर्षं आमच्याकडे आहात. कॅलगरीला जायला तुमची हरकत आहे का? माझे वडील विचारताहेत.

उत्तर येईना. धोंड्याचा महिना लागला आणि साडू विमानाने आला. जेवण विंचूरला. शेजारी-शेजारी पाट, समोर पुरणाचे धोंडे, आमरस, अनारसे, आणि साडूच्या मांडीवर लॅपटॉप, कारण मुदत त्याच दुपारी संपत होती. सासूबाईंनी दोनदा विचारलं, तो फिनलंडचा पाव्हणा जेवायला येणार असला तर अजून चार धोंडे लावते. मेहुणा मामांकडे बघत हसून म्हणाला, अप्पांना रिकामपणात कुणीतरी सांभाळायला पाहिजेच होतं. हातातला अनारसा मामांनी तसाच ताटात ठेवला.

आणि बायकोचा फोन वाजला.

तिने वाचलं, दोनदा वाचलं, आणि मग मोठ्याने मराठीत सांगितलं. तो म्हणतो, मी तुमच्या संघात आहे हे मला माहीत नव्हतं. मला आजवर न विचारताच इकडून तिकडे पाठवलं. तुम्ही विचारलंत, आभार. माझी हरकत नाही. वडिलांना नमस्कार सांगा.

मी पाटावरून असा उडालो, की आमरसाची वाटी माझ्याआधी छताला लागली असती. स्वीडनचा पोरगा माझा! साडूने बोट बटणावर नेलं. सगळे मामांकडे बघायला लागले, त्यांनी हो म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

मामांनी सावकाश हात धुतले. पंच्याने तोंड पुसलं.

"मामा, तो स्वतःच तयार आहे," मी म्हणालो. "आता तुमचा शब्द मोडत नाही. सांगा, काय करायचं त्याचं?"

"आपल्याकडंच राहू द्या त्याला."