रेडिएटरमधलं बोअरचं पाणी

बायको चाळिशीनंतर गाडी शिकली आणि फुलंब्रीच्या तिच्या शाळेत स्वतः चालवत जाऊ लागली. शाळेतल्या दोघी बाई हर्सूलच्या नाक्यावर तिच्या गाडीत बसायच्या. संध्याकाळी घरी आली की रस्त्यात कुठल्या ट्रॅक्टरला मागं टाकलं ते रंगवून सांगायची. मी पेपरात तोंड घालायचो. मला ते का सोसवत नव्हतं, हे आजही धड सांगता येत नाही.

एका उन्हाळ्यात चौक्याच्या चढावर गाडीनं वाफ सोडली. तिनं फोन केला, मी स्कूटरवर पोचलो. तिघी बाभळीखाली उभ्या. बॉनेटच्या आधी मी तोंड उघडलं.

"काटा लाल रेषेला टेकला तरी बाईसाहेबांचं लक्ष नाही! दुसऱ्या गिअरमध्येच ओढत आणली असणार. गाडी म्हणजे काय पोळपाट वाटला का?"

त्या दोघी खडीकडं बघत राहिल्या. ती एवढंच म्हणाली, "अहो, काटा चढायला लागला तशी लगेच थांबवली मी."

दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना मी रेडिएटरचं झाकण काढलं. आत गंजाच्या रंगाचं पाणी, तोंडाशी पांढरा खडबडीत थर. तसाच थर आमच्या न्हाणीतल्या नळांवर आहे. झाकण लावून इंजिन तापू दिलं. पंखा फिरत होता. वरचा पाइप चटका देत होता, खालचा मात्र गारच. म्हणजे पाणी फिरतच नव्हतं. क्षार साचून रेडिएटर बुजला होता. आणि त्यात कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतत कोण आलं होतं? मीच. महापालिकेचं पाणी कधीतरी येतं, ते पिण्यापुरतं. गाडीला काय, बोअरचं चालतंय.

ती शाळेत असताना रेडिएटर बदलून आणला. तिला म्हणालो, "किरकोळ होतं." तेवढ्यावर थांबलो असतो तरी माणूस म्हणवून घेता आलं असतं. पण पुढं वेरूळला जाताना, गुलमंडीतून परतताना, मुद्दाम म्हणायचो, "बघ, माझ्या हातात कधी तापते का?" ती खिडकीबाहेर बघायची. चालवणं तिनं सोडलंच होतं. एसटीनं जायची.

परवा शेजारची मुलगी तिला म्हणाली, "काकू, मला गाडी शिकवा ना."

ती हसली. "माझ्या हातात तापते गं ती."

मुलगी गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"मला कशाला सांगता? बोललात त्या दोघींसमोर. सांगायचं तर तिथं सांगा."

सकाळी मी तिला गाडीतून नाक्यावर घेऊन गेलो. दोघी थांब्यावर होत्याच. त्यांच्यासमोर सांगितलं: पाणी मी घातलं, चूक माझी, आणि कळल्यावरही गप्प बसलो.

त्यातल्या एक बाई फटकळ. म्हणाल्या, "व्हय का भाऊजी? आन् आम्ही इतके दिवस एसटीत उभ्यानं धक्के खातोय. लई उपकार झाले!" दुसऱ्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

मी बायकोपुढं किल्ली धरली. तेवढ्यात एसटी आली.

"आज नको," ती म्हणाली. "शाळेला उशीर होईल."

आणि दोघींच्या मागोमाग चढली. गाडीनं त्या लवकर पोचल्या असत्या, हे तिथं चौघांनाही माहीत होतं.