कोठीच्या खोलीतलं पाचवं मिनिट

भुताखेतांच्या गप्पांत मी कधी रमलो नाही. शाळेत विज्ञान शिकवायचो, पोरांना मागच्या पिंपळाखाली मुद्दाम डबा खायला बसवायचो... त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण जे घडलं ते घडलं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी मूळचा मसुऱ्याचा, बदली देवबागला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधल्या माडांच्या पट्ट्यात आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. दुपारी खाडीच्या पाण्याचा उजेड छपराच्या आतल्या बाजूला हलत राहायचा. घर तरंगतंय असं वाटायचं.

बोटीवर नोकरीला असलेल्या थोरल्या भावाने मला एक कॅमेरा आणून दिला होता. फिल्म धुवायला मुंबईला पाठवायची तर महिना जायचा, म्हणून मी घरीच धुवायला शिकलो. डार्करूम कुठली असणार! भाताची कोठी होती त्या खोलीला खिडकी नव्हती. दाराला दोन गोधड्या, कौलांच्या फटींत चिंध्या — झालं. मात्र ही नवी फिल्म लाल दिवाही सोसायची नाही. मिट्ट काळोखात तिची दोन टोकं दोन हातांत धरून ती डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या औषधाच्या, थाळीत खालीवर करत राहायची. हात गुंतलेले, घड्याळ दिसत नाही. म्हणून माझी बायको, कुसुम, दाराबाहेर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोठ्याने मिनिटं सांगायची. आठ झाली की थांबायचं.

त्या वर्षी शिमग्यात मी विठू तांडेलाचा एक फोटो काढला होता. विठू म्हणजे आमचा शेजारी, होडी चालवणारा तांडेल, शांत माणूस. फिल्म अर्धी उरलेली, म्हणून कॅमेऱ्यात तशीच राहिली. आणि वैशाखात अचानक वारा फिरला त्या दिवशी विठूची होडी परत आली नाही. होडीची दोन फळकुटं सापडली. विठू नाही.

पंधरा-वीस दिवसांनी त्याची बायको भागी आमच्या पडवीत येऊन उभी राहिली. कपाळावर कुंकू तसंच होतं... पुसायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

"मास्तरांनू, शिमग्यात तुमी ह्येंचो फोटो काडललास मां?"

"काडललंय. पण अजून धुवूक नाय."

"तो माका व्हयो." मग खाली बघत म्हणाली, "तेंचा तोंड माझ्या डोळ्यांफुडसून जावक लागलाहा. डोळे मिटलंय तरी नीट दिसना नाय."

दुसरा फोटो जगात नव्हता. मी होय म्हटलं. पण आधीच्या तीन फिल्म मी खराब केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर खोलीत शिरलो. काळोखात भाताचा आणि डेव्हलपरचा मिसळलेला वास. फिल्म हातात सुळसुळत होती. लांबून लाट ऐकू यायची, आणि माझे हात नकळत तिच्या तालावर खालीवर व्हायला लागले. "एक झाला," कुसुम म्हणाली. "दोन." बऱ्याच वेळाने, "तीन." मी कुठे उभा आहे, डोळे उघडे आहेत की मिटलेले, काही कळेना. भीती नव्हती. पाण्यात पाठीवर पडून राहिल्यासारखं वाटत होतं...

"चार." जरा जाड आवाज. कुसुमला जांभई आली असेल, असं वाटलं.

मग अगदी दाराशी, सावकाश — "पाच. पुरे, मास्तरांनू."

कसलाही विचार न करता मी फिल्म उचलली, पाण्यात बुचकळली आणि हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या औषधात, सोडली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. कुसुम मला मास्तर म्हणत नाही!

तेवढ्यात बाहेर धावत येणाऱ्या तिच्या बांगड्या वाजल्या.

"अहो, चुकला माझा! किती मिनटां झाली?"

"तूच म्हटलंस मां, पुरे म्हणान?"

"मी? बकरो मिरच्येत घुसलो म्हणान तीन म्हटलंय आणि धावलंय. मी खंय होतंय हंय!"

पडवीत कोणी नव्हतं. समोरची वाळू धुवून ठेवल्यासारखी कोरी. तिच्यावर फक्त कुसुमची पावलं होती, जाताना आणि येताना.

फिल्म सुंदर निघाली होती. आणि आवरताना तांब्यात मोजून ठेवलेलं पाणी तसंच दिसलं. डेव्हलपरमध्ये ते ओतायचंच राहिलं होतं. औषध दुप्पट कडक झालेलं. आठ मिनिटं ठेवली असती तर विठूच्या जागी नुसता काळा डाग उरला असता.

फोटोच्या कागदाला लाल दिवा चालतो. म्हणून छापताना भागीला आत बोलावलं. कंदिलाला लाल कापड गुंडाळलं होतं. पांढरा कागद थाळीत बुडवला. आधी होडीची कड उमटली, मग खांदा, मग हळूहळू तोंड, तळातून वर येणाऱ्या माणसासारखं. भागीने पदराचं टोक दातांत धरलं.

"हसतहत," ती म्हणाली. "घरात कदी असे हसले नाय."

राहवेना म्हणून मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल. तिने एवढंच विचारलं —

"आवाज कसो होतो? कणत होते?"

"नाय. सावकाश. होडी वर वडून झाल्यावर माणूस बोलता तसो."

तिने ओल्या फोटोकडे पाहिलं. "मगे बरा," म्हणाली. "म्हंजे आता त्रास नाय तेंका." आणि बाहेर उजेडात जाऊन, कोणी न सांगता, तिने पदराने कपाळ पुसलं.

तो आवाज विठूचा होता, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. ऐकताना ओळखीचा वाटला नाही, हेही खरं. भास म्हणावं, तर पाणी ओतायचं राहिलंय हे त्या क्षणी मलाही ठाऊक नव्हतं.

पुढे कित्येक वर्षं मी त्याच पद्धतीने फिल्म धुतल्या. चौथं मिनिट सरलं की लाटेच्या तालावर हलणारे माझे हात आपोआप मंद व्हायचे आणि मी दाराकडे कान द्यायचो... बाहेरून दर वेळी कुसुमच पाच म्हणाली.