एका घराची भाषा

बोरगावच्या प्रियदर्शनी मगदूमला बेळगावात नोकरी लागून चार वर्षं झाली, तरी ती नक्की काय करते हे घरात कुणालाच धड सांगता येत नसे. तिची कंपनी मातीतला ओलावा मोजणारं यंत्र बनवते. जमिनीत खोचलेली सळई आणि यंत्रातली चिप यांचं बोलणं जुळवून देणारा प्रोग्राम ती लिहिते. वडील तवनाप्पा पाहुण्यांना एवढंच सांगत, "कंप्युटरात हाय लेक."

पोरगी हुशार, पण महाहट्टी. नव्या चिपचं पहिलं यंत्र तिनं थेट घरच्या उसात आणून लावलं आणि वडिलांना बजावलं, आता मूठभर माती दाबून पाणी सोडायचं बंद. तीस वर्षं त्या मुठीवर शेती केलेला माणूस तो. म्हणाला, "सकाळी धाला थ्री फेज येतीया. तवर तुजं मशीन बोललं तर ऐकतो. न्हायतर मोटर चालू."

आणि यंत्राची दातखीळ बसली. सळई खोचली की पडदा काळा. बेळगावात, टेबलावरच्या जुन्या चिपवर, हेच घडाघडा बोलत होतं. तिला यंत्राचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. हरायचं तर बापापुढंच?

सकाळी आठला ती लॅपटॉप घेऊन बांधावर बसली. येळ्ळूरहून आलेले वडिलांचे दोस्त भरमूकाका शेजारी ऊस सोलत होते.

"नवीन काय घातलंस गं त्यात?"

"काय न्हाय ओ काका. पडद्यावर मराठी का कन्नड, त्याचं मेमरीत एक घर. सगळ्यात पुढं."

"भाषा पुढंच पायजे की," काका म्हणाले. मराठीसाठी लाठ्या खाल्लेल्या येळ्ळूरचा माणूस दुसरं काय म्हणणार?

पुढं! तिनं कपाळाला हात लावला. ओलाव्याचा आकडा मेमरीत चार घरं व्यापतो, आणि त्याची सुरुवात, शून्यापासून मोजत, चारानं भाग जाणाऱ्या घरापासूनच व्हावी लागते. भाषेनं पहिलं घर अडवलं आणि आकडा एक घर सरकला. जुनी चिप सोशिक, दोनदा वाचून निभावून न्यायची. नवी मात्र नियमावर बोट ठेवणारी, तिनं कामच बंद केलं. सीमाभागातल्या माणसाशिवाय भाषेला पहिला मान द्यायचं कुणाला सुचलं असतं?

तिनं आकडा पुढं घेतला आणि भाषा मागं नेली. पुढची नोंदही चाराच्या हिशेबात बसावी म्हणून भाषेमागं तीन घरं रिकामी सोडली.

"भाषा मागं?" काकांनी डोळे वटारले.

"मागं हाय, पर हाय की. वर तीन घरं मोकळी दिल्यात तिला."

"मग चालतंय," काका म्हणाले. एवढी जागा आजवर कुणी दिली नव्हती.

दहाला पाच कमी असताना पडद्यावर उमटलं, ओलावा एक्केचाळीस टक्के, पाणी नको. दहाच्या ठोक्याला लाइट आली. तवनाप्पा मोटरीच्या पेटीपाशी उभे होते, बोट खटक्यावर. आजची लाइट गेली की पुढची पाळी तीन दिवसांनी. चूक झाली तर ऊस वाळणार, आणि दोष लेकीवर.

"तवनाप्पा, एकदा माती दाबून बघ की," भरमूकाकांनी डिवचलं.

"कशाला? लेकीनं बघितलीया," म्हणत तवनाप्पांनी पेटीचं झाकण लावलं.