पप्पा आणि बाथचं पाणी

पप्पांनी आयुष्यात सेफ्टीचा नियम एकदाच मोडला. जाणूनबुजून.

परवा ते गेले. मस्कतमध्ये, दार्सैतच्या आमच्या घरी, झोपेत. ज्यांनी फोन केले, जे येऊन गेले, त्या सगळ्यांचे आभार.

आता ही एक आठवण.

नव्वदच्या दशकात पप्पा ओमानमधल्याच सोहारच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सेफ्टी इंजिनीअर होते. पाट्या लावायच्या आणि लोकांना त्या पाळायला लावायच्या, हेच काम. हेल्मेट नसेल तर खुद्द मालकाला, अर्बाबला, गेटवर थांबवायचे.

घरी मात्र कमी बोलायचे. मराठी लोकांत कोणी मूळ गाव विचारलं की "रायगड" म्हणायचे आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहाचं विचारायचे.

पुढे मी शिकायला इंग्लंडला गेले. पदवीच्या समारंभाला मम्मी-पप्पा सोहारहून आले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळच्या बाथ शहरात नेलं.

गरम पाण्याचे झरे आणि त्यावर रोमन लोकांनी बांधलेलं जुनं स्नानगृह. लोक जगभरातून बघायला येतात. मम्मीला थंडी वाजत होती, तिला फक्त कॉफी हवी होती.

हिरव्या पाण्यावरून वाफ निघत होती. कडेला पाटी होती, पाण्याला हात लावू नये.

पप्पांनी ती वाचली. चष्मा पुसून परत वाचली.

मग गुडघ्यावर बसले, कोटाची बाही वर सारली आणि ओंजळभर पाणी घेतलं.

तिथली एक बाई लगबगीने आली. अगदी नम्रपणे म्हणाली की हे पाणी शुद्ध केलेलं नाही, तुम्ही आजारी पडाल. पप्पा "सॉरी, मॅडम" म्हणाले. पाणी सोडलं, रुमालाला हात पुसले.

बाकावर बसल्यावर मला म्हणाले,

"इथे म्हणतात, पाण्यामुळे तुला त्रास होईल. आपल्याकडे म्हणायचे, तुझ्यामुळे पाणी बाटेल."

आपल्याकडे म्हणजे कुठे, मी विचारलं.

"महाडला. चवदार तळ्यावर. तुझे आजोबा होते तिथे."

शाळेच्या पुस्तकात त्याबद्दल दोन ओळी होत्या. त्या मी पाठ केल्या होत्या. त्यात आपल्या घरातलं कोणी असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आजोबा तेव्हा विशीत होते. सगळ्यांबरोबर तळ्यावर गेले, पाणी प्यायले. परतताना त्यांना गाठून मारलं. डावा हात मोडला, तो शेवटपर्यंत वाकडाच राहिला. पप्पांनी लहानपणी त्यांना विचारलं होतं, पाणी कसं लागलं? आजोबा म्हणाले होते, "पाण्यासारखं."

मला आधी का नाही सांगितलं?

"तू बाहेर वाढलीस. म्हटलं, हे ओझं तुला कशाला."

मम्मी म्हणाली की ती कितीतरी वर्षं त्यांना सांग म्हणत होती. मग आम्ही कॉफी प्यायलो.

ते सोहारला परतले. मम्मीने फोनवर सांगितलं, एका शुक्रवारी तीन कुटुंबं जेवायला होती. कोणीतरी गाव विचारलं आणि पप्पांनी वाढता वाढता सगळं सांगितलं. आजोबांच्या हातासकट.

त्यातलं एक कुटुंब पुन्हा कधी आलं नाही. पप्पांनी त्यांचं नाव परत काढलं नाही, आणि गोष्ट सांगणंही थांबवलं नाही.

काल मी माझ्या मुलीला ती सांगितली. इंग्लिशमध्ये, कारण तिचं मराठी अडखळतं. "बाटणं" या शब्दापाशी मीच अडले. तिला काही केल्या कळेना की माणसाच्या हाताने पाण्याला काय होतं.

खूप वेळ समजावलं. तरी कळलं नाही.

बरंच झालं.

निरोप घेते, पप्पा. जय भीम.