जोतिबाच्या उतारावर हलकी गाडी

परवा घाटात कुणाच्या तरी गाडीचे ब्रेक जळाल्याचा वास आला आणि मला चाळीस वर्षांपूर्वीचा उतार आठवला.

शिवाजी पेठेतल्या दत्तू मिस्त्रीनं शर्यतीसाठी माझी स्पोर्ट्स कार इतकी हलकी केली होती, की आत शिंकलो तर ती पार शहरापलीकडं शाहूपुरीत जाऊन पडावी. दोघं बसून चाचणीला जोतिबाचा घाट उतरताना ब्रेकचं पेडल तळाला टेकलं. डावीकडं दरी.

"मिस्त्री, हँडब्रेक कुठाय?"

"कालच काढला की! लई वजन व्हतं त्याचं."

"आणि आता?"

"आता डोंगराला घासा, मालक!"

घासली. थांबली.

ही गोष्ट मी हजारदा सांगितली, दर वेळी दरी आणखी खोल करत. पण दत्तूनं माझी बोटं स्टिअरिंगवरून एकेक करून सोडवली आणि मग स्वतःचे थरथरते हात खिशात लपवले, हे आज पहिल्यांदाच लिहितोय.