मशिनमध्ये दोष नाही

आत्या घरी बसून डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या नोंदी टाइप करायची. बावीस वर्षं हेच काम. आधी नोंद शेवटपर्यंत ऐकायची, हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून; मगच की-बोर्डला बोट लावायचं. "अर्धवट ऐकून टाइप केलं की रुग्णाचा डावा पाय उजवा होतो," म्हणायची.

तिचा संगणक रडतखडत चालायचा, म्हणून मी त्यावरचं विंडोज काढून हलकंफुलकं लिनक्स टाकून दिलं. मी नुकतीच इंजिनिअर झाले होते. घरातल्या कुठल्याच यंत्राला स्वस्थ बसू देत नव्हते. मशिन पळायला लागलं. पंधरा दिवसांनी आत्याचा फोन.

"अगं, नेट मधेच जातं. कंपनीच्या साइटवरून मला बाहेर काढतं."

बाहेर पडणं म्हणजे कंपनीच्या लेखी जागा सोडून जाणं. "मॅडम, तुम्ही जागेवर नसता," असं तिची सुपरवायझर तिसऱ्यांदा म्हणाली होती.

मी गेले. राउटर पाहिला, सिग्नल पाहिला. मग पिंग लावलं, म्हणजे दर सेकंदाला राउटरला एक हाक मारायची आणि ओ येते का बघायचं. दोन तासांत एकही हाक चुकली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, पुन्हा तेच.

"तू आलीस की नीट चालतं बघ," आत्या म्हणाली.

सोबत आलेले बाबा हसले. "ताई, तुझ्याकडे नेटसुद्धा टिकत नाही!"

आत्याचा नवरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी घर सोडून गेला होता. तिने एक वही माझ्यापुढे सरकवली. "कधी कधी गेलं, ते लिहून ठेवलंय."

"आत्या, मशिन काय घड्याळ बघून बिघडतं का?" मी वही उघडलीही नाही.

सुपरवायझरला तंत्रज्ञाचं लेखी उत्तर हवं होतं. मीच लिहिलं, खाली पदवीसकट सही ठोकून: 'तपासणी केली. मशिनमध्ये दोष नाही.' आत्याने ते आहे तसं पाठवलं. चार दिवसांत तिचं काम बंद झालं.

महिन्याने तिने मला बोलावलं. "हे मशिन घेऊन जा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

वायरी काढताना की-बोर्डखाली ती वही सापडली. रेघा आखून, सुवाच्य अक्षरात: '११.१० गेलं. ऐकत होते. ३.४० गेलं. ऐकत होते. १२.०५ गेलं. उठले नव्हते, ऐकत होते.' सहा पानं. 'टाइप करत होते' एकदाही नाही.

मी वायरी पुन्हा जोडल्या आणि मशिन चालू केलं. टाइप केलेलं सतत साइटवर जात राहायचं; पण नोंद एकदा मशिनवर उतरली की ती ऐकताना नेटला काहीच काम नसायचं. वीज वाचवायला वायफायचं कार्ड झोपी जायचं आणि जोडणी तुटायची. ती वीजबचत मीच चालू केली होती. आणि माझं पिंग दर सेकंदाला त्याला हलवून जागं ठेवत होतं.

सेटिंगमधली एक ओळ बदलली. मिनिटही लागलं नाही. मग आत्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे मी जागेवर होते."

"होतीस."

"ते मला माहीत होतं गं," ती म्हणाली.

मी तिथेच बसून दुसरं पत्र लिहिलं: दोष होता, तो माझ्यामुळे होता, माझी तपासणी चुकली. आत्याने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. एके ठिकाणी पूर्णविराम राहिला होता, तो दिला. मग घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकलं.

"पाठवत नाहीस?"

"पहिलं त्यांनी मागितलं होतं," ती ड्रॉवर लोटत म्हणाली. "हे कुणी मागितलंय?"