शेवटपर्यंत थांबणारे काका

अमेरिकेत, फ्रीमाँटच्या घरी मी महिन्यातून एकदा मित्रांना जुने परदेशी सिनेमे दाखवायचो. सिनेमा निमित्तमात्र, खरा कार्यक्रम म्हणजे नंतरचं माझं भाषण. ते सुरू झालं की लोकांना बेबीसिटर आठवायची.

थांबायचे ते एक काका. फ्रीवेपलीकडे मुलाकडे राहायचे. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली, ती घरातही तशीच. बसायचे दाराजवळच्या खुर्चीत आणि माझ्या प्रत्येक वाक्याला म्हणायचे, "बरं, बरं." एवढा रसिक श्रोता मला बायकोतही लाभला नव्हता.

त्या दिवशी डीव्हीडी होती एका इटालियन पेन्शनरची. पेन्शन पुरत नाही, एका कुत्र्याशिवाय कोणी नाही. नंतर मी म्हातारपणातल्या एकटेपणावर भरपूर बोललो. सगळे गेले, काका तसेच बसून. अगदी हेलावलेत बिचारे, असं समजून मी चहा टाकला आणि दिग्दर्शकाच्या शैलीकडे वळलो.

"बरं, बरं."

चहा संपल्यावर ते संकोचून म्हणाले, "तुझं झालं असेल तर मला घरी सोडतोस का रे? मला न्यायला यायला मुलाला नेहमीच उशीर होतो. आज तर जमतच नाही म्हणाला. मघाशीच फोन आला होता."

गाडीत मी तरीही विचारलंच, "काका, सिनेमा कसा वाटला?"

बाहेर फ्रीवेवर धावणाऱ्या गाड्यांकडे बघत ते म्हणाले, "चांगला होता. पण त्या म्हाताऱ्याचं एक बरं होतं. मनात आलं की पायी निघायचा."